पाहुण्याची खुर्ची

बाई, तुमची खुर्ची अजून माझ्याकडे आहे. वेताची बैठक मधे एकदा फाटली, तेव्हा देवासच्या बाजारात विणणारा शोधता शोधता नाकी नऊ आले. डावा हात हलतो, पाठीवरचं पॉलिश गेलंय, पण आहे. तुम्ही गेल्यावर धारहून टेम्पोत घालून ती मी इथे आणली आणि त्यानंतर इतक्या वर्षांत, गेल्या आठवड्यापर्यंत, तिच्यावर एकदाही बसलो नव्हतो. मी तिच्यावर कपडे टाकत राहिलो. वाळलेले, इस्त्रीचे, उसवलेले, हाताला लागतील ते. बायको म्हणायची, "अहो, चांगली खुर्ची आहे, माणसाला बसू द्या की." मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचो. खरं कारण एवढंच की ती रिकामी दिसली की मला भीती वाटायची. उभी हयात कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळण्यात घालवलेल्या माणसाने एका खुर्चीला भ्यावं, हे सांगणार तरी कुणाला?

ती भीती तुमच्याच घरातली. धारला शाळेच्या मागे तुमच्या दोन खोल्या होत्या. तुम्ही नगरकडच्या, यजमान मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते म्हणून इकडे आलात. ते वारले आणि तुम्ही परत गेला नाहीत. सगळा वर्ग हिंदीत शिकायचा, तुम्हीही हिंदीतच शिकवायचात, पण मला ओरडायचं असलं की तुमच्या तोंडून मराठी निघायची आणि मला ते फार आवडायचं, कारण आई गेल्यापासून मराठीत मला ओरडणारी एक आत्याच उरली होती. त्या दिवशी तुम्ही मला वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी यायला सांगितलंत. मी वह्या ठेवल्या. तुम्ही हातपाय धुवायला मोरीत गेलात. मी बघतो तर टेबलावर बाग गावच्या छापाचं लाल-काळं कापड, दोन ताटं वाढलेली, आणि त्यातल्या एका ताटासमोर ही खुर्ची, रिकामी. भाताची मूद, आमटी, कडेला लोणचं. घरात तुमच्याशिवाय कुणी नाही.

पितृपंधरवडा चालला होता. आदल्याच दिवशी, अविधवा नवमीला, आत्याने आईचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं आणि कावळा यायला इतका वेळ लागला की आत्या रडायला लागली. त्यामुळे मला एका क्षणात सगळं कळलं. हे तुमच्या यजमानांचं पान. आणि तुम्ही नगरकडच्या, एकट्या, तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही की ते बाहेर ठेवायचं असतं, टेबलावर नाही. बिचारे कधीपासून खोळंबले असतील. मी ते ताट उचललं, मागच्या भिंतीवर नेऊन ठेवलं आणि "काव काव" करून हाका मारायला लागलो. अगदी मन लावून. तुम्ही पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिलात.

"काय करतोयस रे?"

"बाई, साहेबांचं पान. कावळा शिवला नाही तर ते अडकून राहतील."

तुमचा चेहरा आधी मला समजलाच नाही. मग तुम्ही माझा कान धरलात, दुखेल असा नाही, पण धरलात. "ते त्यांचं नाही. ज्याचं ताट आहे तो मेलेला नाही. ऐकलंस? तो मेलेला नाही."

तुम्हाला वाटलं असेल, पोराची समजूत घातली. बाई, माझी बोबडी वळली होती. मेलेल्या माणसांची मला सवय झालेली होती. आई मेलेली होती, आजोबा भिंतीवर हार घालून टांगलेले होते. पण दिसत नाही, मेलेलाही नाही, आणि खुर्चीत बसून आमटीभात जेवायला येतो, असा कुणी असू शकतो हे मला पहिल्यांदाच कळत होतं. तुम्ही ताट आत आणलंत, त्यातला तेवढ्यात कावळ्याने उष्टावलेला घास काढून टाकलात आणि हसलात. म्हणालात, "त्याचं ताट तो स्वतः कधी जेवत नाही. दारात जो येईल त्याला देतो. आज तू आलास. बस." आणि तीच खुर्ची ओढलीत. मी मान हलवली आणि कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसलो. तुम्ही आग्रह केला नाहीत. त्यानंतर कितीतरी दुपारी मी त्या पाटावर बसून त्याचं ताट जेवलो, आणि खुर्चीकडे पाठ होऊ नये अशा बेताने बसत राहिलो.

आत्या म्हणायची, "त्या घरी पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही हो, बाटशील." मी मान डोलवायचो आणि घरी पोचण्याआधी शर्टाला हात पुसून आमटीचा वास घालवायचो. वडील एकदा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तोंड धू नीट, लोणचं लागलंय." आणि पुढचं पान उलटलं. आमच्या घरी देवांना मी रोज आंघोळ घालत असे. त्यांना गंध, फुलं, वस्त्र, नैवेद्य. पण दमलो, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. तुम्ही शाळेतून यायचात, चपला काढायचात आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायचात, "दमले रे प्रभू. आज फार दमले." घरातल्या माणसाशी बोलावं तसं. मग तुमचे खांदे हळूच खाली यायचे. मी ते खांदे बघायचो. कुणीतरी हातातली पिशवी घ्यावी तसं काहीतरी तिथे घडायचं. मला दिसायचं नाही, पण घडायचं, आणि म्हणूनच भीती वाटायची.

एकदा मात्र आलो तर खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. चूल बंद. तुम्ही जमिनीवर बसलेल्या, केससुद्धा विंचरलेले नाहीत. तुमचा उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे, होता. मी विचारलं, "ते कुठे गेले?" तुम्ही म्हणालात, "आज तो नाही. त्याला मारलं. आज मी एकटी." मला रडायलाच आलं. ज्याला मी इतका भ्यायचो, तो नाही म्हटल्यावर ती खोली इतकी उघडी पडली होती की मला तिथे उभं राहवेना. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "आजच्या दिवसच रे. रविवारी ये." रविवारी मी आलो तेव्हा खुर्ची जागेवर होती आणि तुम्ही करंज्या तळत होतात.

पुढे मी इंदूरला शिकायला गेलो, मग नोकरी देवासला, मग लग्न. तुमच्या मातीला आलो होतो तेव्हा तुमच्या चर्चमधल्या एक बाई म्हणाल्या, "खुर्ची तुमच्यासाठी सांगून ठेवली आहे त्यांनी." मला वाटलं, काय थट्टा करून गेलात.

आता माझ्या घरातलं सांगतो. बायकोला विसरायला होतं. आधी गॅस, मग किल्ली, मग गल्ली, आता मी. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी परत काही येत नाही हेही सांगितलं. बाई, ही बाई कशी होती हे तुम्ही बघायला हवं होतं. तिने मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा पोहे खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कारखान्यातली पोरं मुद्दाम फाइल द्यायच्या निमित्ताने घरी यायची. आता ती मला "भाऊ" म्हणते. कधी "मास्तर". संध्याकाळी टेकडीवरच्या देवळाचे दिवे लागले की ती पर्स छातीशी धरून दाराशी उभी राहते. "मला घरी सोडा ना हो भाऊ. आई वाट बघत असेल." मी म्हणतो, हेच तुझं घर. ती माझ्याकडे जे बघते ते सांगवत नाही. मी कुलूप लावतो. ती रडते. मी तिला आंघोळ घालतो, भरवतो, रात्री ती उठली की उठतो, आणि सकाळी दूधवाला "काय भिया, तब्येत बरी ना?" विचारतो तर मी नुसतं पातेलं पुढे करतो. एकदा मोरीत तिच्यावर पाणी घालता घालता मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो आणि रडलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुमचं कुणी गेलं का?"

त्या दिवशी तिला बसवायला काहीतरी हवं म्हणून मी खुर्चीवरचे कपडे पलंगावर फेकले. पण वेत भिजून खराब होईल म्हणून ती मोरीत नेली मात्र नाही. खुर्ची तशीच उभी राहिली, रिकामी, खोलीच्या मधोमध. आणि मी इतका दमलो होतो की भ्यायलाही त्राण नव्हतं. मी ती ओढून जेवायच्या टेबलाशी लावली, एक ताट ठेवलं, आणि तुमच्यासारखंच म्हटलं, "दमलो रे प्रभू." स्वतःचाच आवाज ऐकून लाज वाटली. देव्हाऱ्यातला गणपती बघत होता. पण तुम्हाला खरं सांगतो, माझे खांदे खाली आले.

बायकोने विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "पाहुणे."

तिने लगेच पदर सारखा केला. केसांवरून हात फिरवला. "मग बघता काय भाऊ? पाणी द्या त्यांना." आणि ती टेबलाशी बसली. टेकडीचे दिवे लागले, तिने पर्स घेतली नाही. मी वाट बघत होतो. शेवटी मीच विचारलं, घरी नाही जायचं? ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. म्हणाली, "पाहुणे बसलेत आणि घर सोडून जाऊ? काय बोलता!" बाई, माझं घर जे तिला पटवू शकलं नव्हतं, ते त्या रिकाम्या खुर्चीने पटवलं. पाहुणा आहे तिथे ती घरधनीण. त्यानंतर रोज संध्याकाळी मी खुर्ची लावायला लागलो.

रविवारी शेजारच्या वहिनी तिच्याजवळ बसतात, तेव्हा मी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसतो. सगळं हिंदीत असतं. मी पाद्रीसाहेबांना म्हटलं, मला हिंदीत प्रार्थना जमत नाही, मराठी चालेल का? ते हसले. "अंकल, आप तो जो मन में आए बोलो. वहाँ कोई परीक्षा थोड़ी है." तेव्हा मी तुमच्या मराठीत बोलतो. आमच्या देवांनाही मी सोडलेलं नाही, रोज आंघोळ घालतो. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, तुम्ही क्रिश्चन झालात का?"  मी दमल्यावर ज्याच्याकडे जातो तो हा आहे, एवढंच मला सांगता येतं. तो मारला गेला होता, एका शुक्रवारी त्याचीही खुर्ची भिंतीकडे होती, म्हणून त्याला सांगायला सोपं जातं.

पण एक गोष्ट मी मुलीला सांगितली नाही. बायको खुर्चीशी बोलते. मी स्वयंपाकघरात असलो की ऐकू येतं. हळू आवाजात, मधे मधे थांबून, समोरच्याने उत्तर द्यावं इतकं थांबून. एकदा ती म्हणत होती, "हा म्हातारा मला कुलपात ठेवतो, पण भात चांगला करतो." मग थांबली. मग म्हणाली, "हो, ते खरं." काय खरं? मी हातात पळी घेऊन उभा. आणि एक दिवस ती सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "ते म्हणाले, तुमचा उजवा खांदा दुखतो. तेल लावू का?" बाई, खांद्याचं मी कुणाला बोललो नव्हतो. डॉक्टरांना नाही, मुलीला नाही. चर्चच्या मागच्या बाकावर, मनातल्या मनात तेवढं बोललो होतो. झोपेत कण्हलो असेन, तिने ऐकलं असेल. असंच असणार. मी स्वतःला तेच सांगत राहिलो आणि ती माझ्या खांद्याला तेल चोळत राहिली.

मुलगी गेल्या आठवड्यात पुण्याहून आली. इंदूरला एक आश्रम आहे, अशा माणसांना ठेवून घेतात, नर्स असतात. तिने सगळं ठरवूनच आणलं होतं. चुकलं तिचं काही नाही. म्हणाली, "बाबा, बस झालं आता. तुमची हालत बघा. आईच्या आधी तुम्हीच जाल." मी हो म्हटलं. खरंच म्हटलं, बाई, माझ्याने होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. बॅग भरली, त्यात तिच्या साड्या, आणि कुणाला ओळखू येईल न येईल म्हणून मुलीने आमचा एक फोटो घातला. दुपारी मुलीने आईला खुर्चीशी बोलताना ऐकलं. ती पांढरीफटक पडली. मला म्हणाली, "हे तुम्ही लावून दिलंय तिला? बाबा, किती भयानक वाटतंय ते! डॉक्टरला कळलं तर काय म्हणतील?" आणि तिने खुर्ची उचलून मागच्या गॅलरीत नेली, भिंतीला टेकवून ठेवली. मी मागोमाग गेलो. गॅलरीत बघितलं तर खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं.

ती दुपार मी ओळखली. धारच्या तुमच्या खोलीतली तीच. घर तसंच उघडं पडलेलं. दिवे लागले, बायकोने पर्स घेतली आणि दाराशी गेली. "घरी सोडा." मुलगी म्हणाली, "आई, उद्या जाऊ ना आपण, गाडीतनं." ती कडी ओढायला लागली, बोटाला लागलं, रक्त आलं, आणि ती अशी ओरडली की वहिनी खिडकीत आल्या. मुलगी रडायला लागली. मी उभाच होतो. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी गॅलरीत गेलो, खुर्ची उचलून आणली आणि टेबलाशी ठेवली. नेहमीसारखं पलीकडे व्हायचं तेही सुचलं नाही, तिच्या पाठीला धरून तसाच उभा राहिलो.

बायको वळली. तिने खुर्ची बघितली, मग मला बघितलं. कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं असं, नीट.

"आलात तुम्ही," ती म्हणाली. "केवढा उशीर. बसा ना."

मी म्हटलं, "मी नाही हो, मी..."

"संकोच करू नका. तुमचीच खुर्ची आहे. किती दमलेले दिसता."

मी बसलो. तिने पर्स ठेवली, खिचडी वाढली, तूप शोधलं, ते सापडलं नाही म्हणून हळहळली, आणि रक्त लागलेल्या बोटांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. तिने मला ओळखलं नाही, बाई. नवरा म्हणून नाहीच. पण वाढलं, आणि मी सगळं जेवेपर्यंत समोर बसून राहिली, "आणखी घ्या, लाजू नका" म्हणत. मी रडत रडत जेवलो. तिला त्याचं काही वाटलं नाही, दमून आलेला माणूस रडला तर रडला. मुलगी दारात उभी राहून बघत होती. सकाळी गाडीवाल्याचा फोन आला तेव्हा तीच बोलली, "भैया, आज रहने दो." आज म्हणाली. उद्याचं मला माहीत नाही. बॅग अजून दाराशीच आहे, फक्त फोटो तिने काढून परत भिंतीवर लावला.

हे पत्र कुठे पाठवणार? धारच्या कब्रस्तानात तुमच्या दगडावरची अक्षरंही पुसट झाली आहेत. लिहून झालं की घडी करून कपाटात ठेवीन, एवढंच. पण एक राहिलं. मुलीला सांगितलं नाही, पाद्रीसाहेबांना नाही, प्रार्थनेतसुद्धा बोललो नाही, कारण तिथे सांगायची गरज नाही असं वाटतं. खुर्ची दुपारपासून मागच्या गॅलरीत होती, उत्तरेकडच्या, जिथे या दिवसांत ऊन फिरकत नाही. तिचे लाकडी हात मला उचलताना गार लागले होते. मी बसलो तेव्हा बैठक गरम होती. कुणीतरी नुकतंच उठून जागा द्यावी तशी. घाबरलो, बाई. तुमच्या घरी घाबरायचो तितकाच घाबरलो. पण उठलो नाही.